लाझारो स्पालांझानी आणि त्याचीं वटवाघळें

इटली देशाच्या उत्तर भागांत स्कांदियानो नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें इ. स. १७२९ मध्यें एका वकिलाच्या घरीं लाझारो स्पालांझानी याचा जन्म झाला. कायदा शिकण्यासाठीं तो बोलोन्या येथें गेला. परंतु तेथील विद्यापीठांत त्याची नातलग लाउरा बास्सी ही विदुषी पदार्थविज्ञान शिकवीत असे. तिच्या सहवासांत त्याचें मन सृष्टिज्ञानाकडे वळलें आणि कायद्याचीं पुस्तकें मिटलीं तीं कायमचींच. पुढें त्यानें धर्मगुरूची दीक्षा घेतली, व १७६९ पासून तो पाव्हिया येथील विद्यापीठांत अध्यापन करूं लागला.

ग्रंथांत लिहिलें आहे म्हणून खरें मानावयाचें, हें त्याच्या स्वभावांतच नव्हतें. पोटांत अन्न कसें जिरतें हें पाहण्यासाठीं त्यानें अन्नानें भरलेल्या कापडाच्या लहान पिशव्या स्वतः गिळल्या! पालीची तुटलेली शेपटी पुन्हां येते हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. पण सॅलॅमँडर हा प्राणी दिसावयास पालीसारखा असला तरी बेडकाच्या नात्यांतला. त्याला तोडलेला पायसुद्धां हाडांसकट नवा फुटतो, हें स्पालांझानीनें १७६८ सालीं जगापुढें मांडलें.

त्याचा सर्वांत विलक्षण शोध मात्र उतारवयांतला. १७९३ सालीं, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, त्याच्या असें ध्यानांत आलें कीं, खोलींतील दिवा विझतांच पाळलेलें घुबड भिंतीवर आदळतें, परंतु वटवाघळें त्याच काळोखांत खुशाल फिरतात. त्यानें छतापासून दोरे लोंबत सोडले. वटवाघळें त्यांना न शिवतां निघून गेलीं. मग त्यानें कांहींचे डोळेच नाहींसे केले. हें वाचतांना आज आपल्या अंगावर कांटा येतो, व येणेंच योग्य. त्या काळच्या विद्वानांस मात्र त्यांत वावगें वाटत नसे. तीं आंधळीं वटवाघळें पूर्वींप्रमाणेंच उडालीं. बाहेर सोडलेल्यांपैकीं कांहीं पुढें देवळाच्या घंटाघरांत सांपडलीं, तेव्हां त्यांचीं पोटें डोळस सोबत्यांइतकींच किड्यांनीं भरलेलीं होतीं!

तर मग हीं पाहतात कशानें? जिनीव्हा येथील लुई झ्युरीन यानें वटवाघळांचे कान बुजवून पाहिले. तीं लगेच जेथें तेथें आदळूं लागलीं. दुसऱ्याच्या शोधाबद्दल मत्सर न बाळगतां स्पालांझानीनें तो प्रयोग नाना रीतींनीं पडताळला. त्यानें वटवाघळांच्या कानांत पितळेच्या बारीक नळ्या बसविल्या. नळ्या उघड्या असतां वटवाघूळ नीट उडे. बंद केल्या कीं भांबावे. कान हेच त्याचे डोळे, अशी त्याची खात्री पटली. पण खोली तर निःशब्द! ऐकावयाचें काय, हें कोडें त्याला सुटलें नाहीं.

येथें विद्वत्तेच्या दरबारांत अन्याय झाला. फ्रान्समधील नामांकित प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यानें १७९५ सालीं, स्वतः एकही प्रयोग न करतां, वटवाघूळ स्पर्शानें वाट ओळखतें असा निर्णय दिला. नांव मोठें असल्यामुळें तोच निर्णय जगानें मानला आणि स्पालांझानीची मेहनत थट्टेचा विषय झाली. फेब्रुवारी १७९९ मध्यें पाव्हिया येथें त्याचें देहावसान झालें.

मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपलीकडचा आवाज ऐकूं येत नाहीं. किडे खाणारीं वटवाघळें त्याहून उंच स्वरांत ओरडतात, आणि वस्तूवरून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून तिचें अंतर ओळखतात. (आपल्याकडे वडावर उलटीं टांगलेलीं मोठीं, फळें खाणारीं वटवाघळें निराळीं; तीं टपोऱ्या डोळ्यांनीं व वासानें आपलें भक्ष्य शोधतात.) अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्यानें १९३८ सालीं प्राध्यापक पिअर्स यांच्या यंत्रापुढें वटवाघळें धरलीं, तेव्हां तो आवाज प्रथमच मनुष्याच्या कानीं पडला. स्पालांझानीच्या मृत्यूस त्या वेळीं १३९ वर्षें होऊन गेलीं होतीं.