माळरानावरचा कारखाना

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी 20 जून 1869 रोजी लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म झाला. काशीनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. आपल्या मुलाने शाळेचा नेहमीचा अभ्यास पुरा करावा व एखादी प्रतिष्ठेची नोकरी धरावी, अशी त्यांची इच्छा असल्यास त्यात वावगे काही नव्हते. लक्ष्मणाचे चित्त मात्र पुस्तकात रमत नसे. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता : एक चित्रे काढण्याचा व दुसरा यंत्रे खोलून पाहण्याचा. वडिलांचा विरोध होता; परंतु थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, आणि 1885 साली लक्ष्मणराव मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे सुमारे दोन वर्षे गेली. रेषेवर त्यांचा हात उत्तम बसला होता. पण पुढे रंगकामाची वेळ आली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. काही रंगांमधील भेद लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना कळतच नव्हता. त्यांची दृष्टी अधू नव्हती. दूरचे, जवळचे सारे स्वच्छ दिसे. परंतु हा रंगांधळेपणा जन्मजात असतो आणि त्यावर औषध नाही. ज्या कलेसाठी वडिलांचा रोष पत्करून घर सोडले, तिचे दार अशा रीतीने अठराव्या वर्षीच बंद झाले.

घरी परतणे सोपे होते. लक्ष्मणराव परतले नाहीत. यांत्रिक रेखाटनास रंग लागत नाहीत, लागते ती मोजमापाची अचूकता. त्यांनी तोच विषय पुढे चालविला व त्याच्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची जागा मिळविली. संस्थेतील कर्मशाळा ही त्यांची खरी शाळा ठरली. शिकविण्याचे तास संपले, की ते तेथील यंत्रांपाशी जात, ती सोडवीत, पुन्हा जुळवीत. यंत्रविद्येची पदवी त्यांच्यापाशी कधीच नव्हती. जे ज्ञान होते ते हाताला तेल लावून मिळविलेले होते. याच काळात सायकल हे नवलाईचे वाहन मुंबईत दिसू लागले होते. त्यांनी एक सायकल घेतली आणि बेळगावास रामूअण्णांच्या साहाय्याने सायकलींचे दुकान काढले. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव 1888 सालापासूनचे, ते या दुकानाचे.

नोकरीत सुमारे दहा वर्षे झाली. वरची जागा रिकामी झाली, तेव्हा ती आपणास मिळेल अशी अपेक्षा लक्ष्मणरावांनी करणे स्वाभाविक होते. परंतु ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. त्या काळी हिंदी माणसाच्या वाट्यास असा अन्याय पदोपदी येई, आणि बहुतेक जण तो मुकाट्याने गिळीत, कारण मागे संसार असे. संसार लक्ष्मणरावांनाही होता. तरीही त्यांनी राजीनामा दिला व ते बेळगावास आले.

सायकलींच्या दुकानाशेजारी आता एक लहानसा कारखाना उभा राहिला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. त्यानंतर लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन केवळ उकरतो. लोखंडी नांगर खोल जाऊन ती उलथून टाकतो व हरळीच्या मुळ्या वर काढतो. फायदा उघड होता. परंतु नांगर कोणी घेईना ! लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीस विष चढेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. या समजुतीस हसणे सोपे आहे. पण ज्याचे वर्षाचे अन्न एका पिकावर अवलंबून आहे, तो नव्या अवजाराला भिणारच. शिवाय लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई. लोखंडी नांगरास रोख रुपये मोजावे लागत. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. तेवढा काळ तयार माल कारखान्यात पडून होता आणि भांडवल त्यात अडकलेले होते.

पुढे विक्रीस थोडी गती येते न येते, तोच बेळगावच्या नगरपालिकेचा हुकूम आला. नव्या वसाहतीसाठी जागा हवी होती, सबब कारखाना तेथून हलवावा. त्या वेळी लक्ष्मणराव औंध येथे देवालयाच्या सभामंडपाचे काम करीत होते. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार व कारागिरीचे चाहते. ही अडचण त्यांच्या कानी गेली. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन देऊ केली व दहा हजार रुपयांचे कर्जही दिले.

जमीन मिळाली खरी, पण कशी ? सगळे ओसाड माळरान. त्यावर निवडुंगाचे रान माजलेले आणि निवडुंगात नागांची वस्ती. 1910 साली लक्ष्मणराव मूठभर कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन तेथे उतरले. निवडुंग तोडला, झोपड्या उभारल्या, यंत्रे मांडली. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी केली. माणसे निवडताना लक्ष्मणराव शिक्षणाची प्रमाणपत्रे फारशी पाहत नसत. हे स्वतःच्या अनुभवावरूनच असावे. शाळेत न रमलेल्यांना त्यांनी यंत्रांवर घेतले, आणि तुरुंगवास भोगून आलेल्यांच्या हाती रात्रीचा पहारा दिला. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती.

1914 साली युरोपात महायुद्ध पेटले, तेव्हा लोखंड व दगडी कोळसा दोन्ही दुर्मिळ झाले. आता नांगरांना मागणी होती, तर ओतावयास धातू नव्हता ! कोळशाच्या जागी लाकडाचा कोळसा वापरून भट्टी पेटती ठेवण्यात आली. लोखंडाचा प्रश्न कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी सोडविला. किल्ल्यावर जुन्या तोफा निरुपयोगी पडून होत्या. त्या कारखान्यास मिळाल्या, वितळविल्या गेल्या, आणि त्यांचे नांगर होऊन शेतात गेले.

युद्धानंतर, 1920 साली, कारखान्याचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे व पाण्याचे पंप तेथून बाहेर पडू लागले. पुढे काही वर्षे लक्ष्मणरावांनी औंध संस्थानचे दिवाणपदही सांभाळले. 26 सप्टेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत कुंडल रोड हे स्टेशनचे नाव जुने होऊन गेले होते. फलाटावरच्या पाटीवर ‘किर्लोस्करवाडी’ अशी अक्षरे आली होती.