धुंडिराज गोविंद फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (जन्म : ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर, मृत्यू : १६ फेब्रुवारी १९४४, नाशिक) हे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाणारे मराठी निर्माते व दिग्दर्शक होते. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे कर्ते म्हणून ते सर्वश्रुत आहेत. निर्जीव वस्तूंना पडद्यावर हालचाल देऊन त्यांच्याकडून गंमत करवून घेण्याचा भारतातील आरंभीचा प्रयत्नही त्यांनीच केला. या बाजूकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे.

बालपण व शिक्षण

फाळके यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. अध्यापनासाठी ते मुंबईस आले आणि कुटुंबही तेथे स्थायिक झाले. धुंडिराज यांनी १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रण, छपाई व साचेकाम यांचे शिक्षण घेतले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. परंतु प्लेगच्या साथीत पत्नी व अपत्य दगावल्याने तो आवरता घ्यावा लागला. काही काळ त्यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार म्हणून नोकरी केली, नंतर लोणावळ्यास छापखाना काढला आणि राजा रविवर्मा यांच्या शिळाप्रेससाठीही काम केले. भागीदारांशी मतभेद झाल्यावर या धंद्यातूनही ते बाहेर पडले.

या भटकंतीच्या काळातच त्यांनी एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून घेतली. जादूगार म्हणून वावरताना ते ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव लावीत. ‘फाळके’ हे आडनाव उलटे फिरवून केलेली ही कोटी त्यांच्या विनोदी वृत्तीची साक्ष देते, आणि त्यांच्या पुढील कामाची किल्लीही तिच्यातच आहे.

चित्रपटाकडे

मुंबईत तंबूतील खेळात ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहून फाळके भारावले. राम व कृष्ण यांनाही असेच पडद्यावर आणता येईल, या विचाराने त्यांना पछाडले. अहोरात्र चित्रपट पाहण्याने व प्रयोगांच्या ताणाने त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली होती. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी १९१२ च्या आरंभी लंडन गाठले, तेथे निर्मितीची माहिती करून घेतली आणि विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा खरेदी केला.

परतल्यावर धनिकांना पटवायचे कसे, हा प्रश्न होता. फाळके यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि ठरावीक अंतराने त्याची एकेक चौकट टिपली. पडद्यावर ते रोप क्षणार्धात उगवून वाढताना दिसे. ‘रोपट्याची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही चित्रफीत पाहून भांडवल देणारा मिळाला. उरलेली तूट पत्नी सरस्वतीबाई यांच्या दागिन्यांनी भरून निघाली. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, मंडळींचा स्वयंपाक पाहणे ही कामेही त्याच करीत. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात त्यांना मिळालेली जागा त्यांच्या श्रमांच्या मानाने फारच थोडी आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लोकांसाठी प्रदर्शित झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री न मिळाल्याने उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवावी लागली. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या पडद्यावर आल्या. यानंतर निर्मितीचे केंद्र नाशिक झाले.

‘आगकाड्यांची मौज’

१९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांचे कौतुक झाले. परंतु महायुद्ध पेटल्याने ते परतले तेव्हा इकडील भांडवलदारांनी हात आखडता घेतला होता. कच्ची फिल्मही महाग व दुर्मीळ झाली होती. मोठी पौराणिक कथा उभी करणे अशक्य झाल्यावर त्यांनी थोड्या फुटांत भागेल असे छोटे पट केले. १९१५ मधील ‘आगकाड्यांची मौज’ हा त्यांपैकी एक होय.

यात नट नव्हते, वेषभूषा नव्हती; काडेपेटीतील काड्या हीच पात्रे. काड्या मांडायच्या, एक चौकट टिपायची, काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा टिपायचे. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी लागत. म्हणजे अवघ्या एका मिनिटाच्या खेळासाठी जवळजवळ १,००० चौकटी हाताने घ्याव्या लागत. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये आगकाड्यांचा असाच पट केला होता आणि फाळके यांना त्यावरून कल्पना सुचली असावी, असे मानले जाते. तरीही वाटाण्याच्या रोपात वापरलेली युक्तीच येथे विनोदासाठी वापरलेली दिसते, हे नजरेआड करता येत नाही. ‘विचित्र शिल्प’ व ‘प्रोफेसर केळफा’ यांच्या जादूचा पट हीदेखील याच प्रकारची निर्मिती होय.

काळाचा विचार केला तर हे काम फार लवकरचे ठरते. पुढे यंत्रमानवांच्या विनोदी व अद्भुत मालिकांसाठी जगभर गाजलेल्या जपानमध्ये ॲनिमेशनपट चित्रपटगृहांत दाखवले जाऊ लागले ते १९१७ मध्ये. भारतात मात्र फाळके यांचा हा धागा पुढे कोणी लगेच उचलला नाही. कलकत्त्यात न्यू थिएटर्सचा ‘पी ब्रदर्स’ व पुण्यात प्रभातचा ‘जंबू काका’ यांसाठी १९३४ साल उजाडावे लागले.

उत्तरकाळ

१९१७ मधील ‘लंकादहन’ला अफाट यश मिळाले. त्यात साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१८ मध्ये भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. भागीदारांशी बिनसल्यावर फाळके काशीला जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. ते कंपनीत परतले, पण पूर्वीची पकड राहिली नाही. कोल्हापुरात निर्माण झालेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट होय. शेवटची वर्षे नाशिकमध्ये विपन्नावस्थेत गेली.

भारत सरकारने १९६९ पासून त्यांच्या नावे चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. ‘कालिया मर्दन’चा बराचसा भाग आज पाहता येतो. ‘आगकाड्यांची मौज’ची प्रत मात्र उपलब्ध नाही.