सागरवीर सर पीटर ब्लेक

विजयाचा दिवस सर्वांच्या स्मरणांत राहतो. परंतु त्या दिवसाच्या मागें पराभवाचीं किती वर्षें उभीं असतात, याची मोजदाद सहसा कोणी ठेवीत नाहीं. ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यांनीं पृथ्वीप्रदक्षिणेच्या एकाच सागरी शर्यतीत पांच वेळां भाग घेतला आणि पहिल्या चार वेळां विजयानें त्यांना हुलकावणी दिली. पांचव्या वेळीं मात्र त्यांनीं जें यश मिळविलें, तसें पूर्वीं कोणालाच मिळालें नव्हतें. हे पुरुष म्हणजे न्यूझीलंडचे सर पीटर ब्लेक.

यांचा जन्म ता. १ ऑक्टोबर १९४८ रोजीं ऑकलंड शहरीं झाला. घर बंदराच्या कांठींच असल्यामुळें खिडकींतून नेहमीं शिडें दिसत. पांचव्या वर्षापासूनच पीटर होडींत बसूं लागले. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनीं यंत्रशास्त्राचा अभ्यास केला. पण पुस्तकी विद्येवरच ते संतुष्ट राहिले नाहींत. अठरा वर्षांचे असतांना भावाच्या मदतीनें त्यांनीं घरामागच्या अंगणांत तेवीस फूट लांबीची एक नौका बांधली. आपल्या हातानें जोडलेली फळी लाटेखालीं कशी वागते, हें त्यांना त्या वयांतच कळलें, आणि हें ज्ञान पुढें त्यांच्या फार उपयोगी पडलें.

सन १९७३ मध्यें इंग्लंडांतील पोर्ट्समथ बंदराहून खलाशांच्या तुकड्यांसह शिडाच्या नौकांची पहिली पृथ्वीप्रदक्षिणा-शर्यत सुरू झाली. व्हिटब्रेड या ब्रिटिश कंपनीनें तिला द्रव्यसाह्य केल्यामुळें ती त्याच नांवानें प्रसिद्धीस आली. मार्ग केप टाउन, सिडनी व रिओ द जानेरो असा चार टप्प्यांचा होता. आफ्रिकेचें व दक्षिण अमेरिकेचें टोंक ओलांडतांना नौकांना दक्षिण महासागरांतून जावें लागे. तेथें वाऱ्याला अडविणारी जमीन नसल्यामुळें पश्चिमेचे वारे अखंड वाहतात आणि लाटा डोंगराएवढ्या वाढतात. त्या पहिल्याच शर्यतीत तीन खलाशी समुद्रांत वाहून जाऊन मृत्यु पावले. एवढें सांगितलें म्हणजे हा खेळ किती जोखमीचा होता, हें आमच्या वाचकांच्या ध्यानीं येईल.

या शर्यतीत ब्लेक हे बर्टन कटर नांवाच्या नौकेवर एका पाळीचे प्रमुख होते. पहिल्या टप्प्यांत त्यांची नौका सर्वांआधीं केप टाउनला पोहोंचली. परंतु पुढें खवळलेल्या समुद्रांत तिचा सांगाडा खिळखिळा झाला व तिला माघार घ्यावी लागली. सन १९७७ च्या दुसऱ्या शर्यतीत ते हीथ्स काँडर या नौकेवर होते. या वेळीं पहिल्याच टप्प्यांत डोलकाठी मोडली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोनरोव्हिया बंदरांत नवी डोलकाठी बसवीपर्यंत बाकीच्या नौका फार पुढें निघून गेल्या.

सन १९८१ मध्यें सेरॅम्को न्यूझीलंड या नौकेचें आधिपत्य स्वतः ब्लेक यांच्याकडे आलें. देशबांधवांनीं वर्गणी देऊन ही नौका उभी केली होती. म्हणून जबाबदारी दुप्पट होती. अटलांटिक महासागरांत, असेन्शन बेटाच्या उत्तरेस, तिचीहि डोलकाठी कोसळली. केप टाउन अद्याप फार दूर होतें. अशा वेळीं दुसरा कोणी जवळचें बंदर गांठून शर्यतीस रामराम ठोकता. ब्लेक यांनीं तसें केलें नाहीं. मोडक्या डोलकाठीचे तुकडे व इतर दांडे एकत्र बांधून त्यांनीं तात्पुरती डोलकाठी उभारली. अशा अपुऱ्या शिडांनीं वाऱ्याच्या विरुद्ध जातां येत नाहीं. म्हणून त्यांनीं अनुकूल वाऱ्याचा मार्ग शोधून लांबचा वळसा घेतला आणि सुमारें ४००० सागरी मैल चालून केप टाउन गांठलें. तेथें नवी डोलकाठी बसवून ते पुन्हा निघाले, आणि पुढच्या ऑकलंडपर्यंतच्या टप्प्यांत नौकेच्या आकारमानाप्रमाणें सवलत देऊन केलेल्या हिशेबानें त्यांचाच पहिला क्रमांक आला! एकंदर शर्यत मात्र हातची गेली होती.

मोडतोडीचा हा कटु अनुभव घेतल्यावर सन १९८५ च्या शर्यतीसाठीं त्यांनीं लायन न्यूझीलंड ही फार मजबूत नौका सज्ज केली. ती मोडली नाहीं, पण तिचें वजन अधिक झालें. आणि प्रत्यक्ष प्रवासाच्या वेळांत तिला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावें लागलें. हलकी नौका मोडते, भक्कम नौका मागें पडते, असें हें कोडें होतें.

पांचव्या शर्यतीच्या वेळीं त्यांनीं तें सोडविलें. ब्रूस फार या कुशल रचनाकारानें आंखलेली स्टाइनलागर २ ही दोन डोलकाठ्यांची, लाल रंगाची नौका भक्कमहि होती व वेगवानहि होती. ता. २ सप्टेंबर १९८९ रोजीं ती साउदॅम्प्टनहून निघाली. या वेळीं टप्पे सहा होते आणि अंतर सुमारें ३३,००० सागरी मैल होतें. तिचा प्रतिस्पर्धीहि न्यूझीलंडचाच होता. ऑकलंडच्या टप्प्यांत हजारों मैलांच्या प्रवासानंतर दोन्ही नौकांत अवघ्या कांहीं मिनिटांचें अंतर राहिलें. पण ब्लेकच पुढें होते. एकामागून एक असे सहाहि टप्पे त्यांनीं जिंकले. पहिल्या शर्यतीपासून या विजयापर्यंत १७ वर्षें लोटलीं होतीं.

यानंतर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या प्रख्यात दर्यावर्दीसह कोठेंहि न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा बेत त्यांनीं आंखला. सन १९९३ मध्यें पाण्यांतील कशावर तरी आदळून नौकेस भोंक पडलें आणि त्यांना परतावें लागलें. दुसऱ्याच वर्षीं ते पुन्हा निघाले व ७४ दिवस २२ तासांत प्रदक्षिणा पुरी करून त्यांनीं पूर्वींचा उच्चांक मोडला. सन १९९५ मध्यें त्यांच्या नेतृत्वाखालीं न्यूझीलंडनें प्रसिद्ध अमेरिका चषक जिंकला. पत्नीनें दिलेले लाल मोजे ते त्या वेळीं घालीत. म्हणून देशांतील हजारों लोकांनीं लाल मोजे विकत घेऊन चमूस पैशाची मदत केली. त्याच वर्षीं त्यांना सर ही पदवी मिळाली.

सन २००० मध्यें चषक आपल्या देशांत राखल्यावर त्यांनीं शर्यतींचा निरोप घेतला. जन्मभर ज्या समुद्रानें आपणांस पोसलें, तो मनुष्याच्या निष्काळजीपणानें मलिन होत आहे, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. पाण्याचें रक्षण केल्यावांचून जीवन टिकणार नाहीं, हें जगास पटविण्यासाठीं ते सीमास्टर या जहाजांतून प्रथम अंटार्क्टिकाकडे व नंतर ॲमेझॉन नदींत गेले. परंतु दैव प्रतिकूल झालें. ता. ५ डिसेंबर २००१ च्या रात्रीं ब्राझीलमधील मकापा गांवाजवळ सशस्त्र दरोडेखोर जहाजावर चढले. सहकाऱ्यांच्या रक्षणार्थ ब्लेक यांनीं बंदूक उचलली. झटापटींत गोळी लागून ते जागींच गतप्राण झाले. त्यांचें वय अवघें ५३ वर्षांचें होतें. ज्यानें पांच वेळां दक्षिण महासागराशीं झुंज दिली, त्याचा अंत नदीच्या मुखाशीं, नांगरलेल्या जहाजावर व्हावा, ही केवढी दुःखाची गोष्ट! त्यांचा देह इंग्लंडांतील एम्सवर्थ या त्यांच्या राहत्या गांवाजवळ विसावला आहे. सीमास्टर जहाज पुढें तारा हें नांव घेऊन महासागरांच्या शास्त्रीय संशोधनाच्या कामीं लागलें.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकीं फारच थोड्यांच्या वांट्यास शिडाची नौका येईल. पण परीक्षेंत, खेळांत किंवा संसारांत डोलकाठी मोडण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतोच. अशा वेळीं ब्लेक यांनीं वाऱ्यास दोष दिला नाहीं. हातांत उरलेले तुकडे बांधले आणि काय चुकलें हें पाहून पुढची नौका अधिक चांगली बांधली. आणि यश मिळाल्यावर तें केवळ मिरविलें नाहीं, तर लोककल्याणाच्या कामीं लावलें. हे दोन गुण आमच्या वाचकांनीं या चरित्रांतून उचलावे, एवढीच आमची इच्छा आहे.