कुठे दुखतंय, हे विचारणारा माणूस

1949 सालची गोष्ट. दुसरे महायुद्ध संपून चार वर्षे झाली होती. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात माजी सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयात एक तरुण मानसशास्त्रज्ञ काम करत होता. एके दिवशी संचालकांनी त्याच्यावर एक अवघड काम सोपवले. दोन माजी सैनिकांनी आत्महत्या केली होती आणि त्यांच्या पत्नींना सांत्वनाची पत्रे लिहायची होती. ओळखदेख नसलेल्या बाईला काय लिहावे, हे त्याला सुचेना. निदान माहिती तरी नीट घ्यावी म्हणून तो कोरोनरच्या कार्यालयात गेला. अपमृत्यूची चौकशी करणारे हे कार्यालय. मुंबईतही 1999 पर्यंत कोरोनरचे पद होते.

तिथल्या दप्तरात त्याला त्या सैनिकाची फाईल सापडली आणि फाईलमध्ये त्याने मागे ठेवलेली चिठ्ठी. मग दुसऱ्या एका फाईलमध्ये दुसरी चिठ्ठी. पुढे शोधत गेल्यावर अशा सातशेहून जास्त चिठ्ठ्या निघाल्या. वर्षानुवर्षे त्या धूळ खात पडल्या होत्या. चौकशी संपली की फाईल बंद होत होती. त्यात कुणाच्या तरी मनाचा शेवटचा कागद आहे आणि त्यावरून पुढच्या माणसाला वाचवता येईल, असे कुणाच्या डोक्यात आले नव्हते. ते या तरुणाच्या डोक्यात आले. त्याचे नाव एडविन श्नायडमन.

श्नायडमन यांचा जन्म 13 मे 1918 रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, यॉर्क गावी झाला. आईवडील रशियातून आलेले ज्यू स्थलांतरित. पुढे कुटुंब लॉस एंजेलिसला आले आणि तिथे वडिलांनी दुकान चालवले. एडविन यांनी तिथेच मानसशास्त्राचे शिक्षण घेतले. महायुद्धात ते हवाई दलात कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. परत येऊन 1948 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. म्हणजे ज्या माजी सैनिकांसाठी ते काम करत होते, त्यांच्यापैकीच ते एक होते. गणवेश उतरवल्यावर माणसाचे काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते.

चिठ्ठ्या हाती आल्यावर त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्या लगेच वाचून त्यावर मत बनवले नाही. सहकारी नॉर्मन फारबरो यांना सोबत घेऊन त्यांनी तुलना करायचे ठरवले. खऱ्या चिठ्ठ्यांपैकी 33 निवडल्या. मग आत्महत्येचा विचार नसलेल्या, पण वय आणि सामाजिक स्थिती तशीच असलेल्या लोकांना तशी चिठ्ठी लिहून दाखवायला सांगितले. दोन्हींची सरमिसळ केली आणि कुठली खरी, कुठली बनावट हे माहीत नसताना त्या तपासल्या. बनावट चिठ्ठ्यांत आयुष्याबद्दल मोठमोठे विचार जास्त होते. खऱ्या चिठ्ठ्यांत मात्र घरातली साधी कामे, देणीघेणी, कुणाला काय सांगायचे अशा बारीकसारीक सूचना बऱ्याच होत्या. माणूस निघून जायचे ठरवतो तेव्हाही त्याचे मन घरातच घुटमळत असते, हे त्यातून दिसले.

याच धाग्यावरून श्नायडमन यांनी पुढची मांडणी केली. त्यांच्या मते आत्महत्येचा विचार करणाऱ्या बहुतेकांना मरण नको असते. त्यांना न सोसणारी वेदना थांबवायची असते. जगावेसेही वाटते आणि मरावेसेही वाटते, एकाच वेळी. या मनाच्या वेदनेला त्यांनी पुढे 1993 मध्ये एक स्वतंत्र नावही दिले. या वेदनेत नजर अरुंद होते, बोगद्यातून पाहावे तशी. दहा वाटा असल्या तरी एकच दिसते. म्हणून उपचाराची सुरुवात दोन साध्या प्रश्नांनी करावी, असे ते शिकवत: कुठे दुखते आहे आणि मी काय मदत करू शकतो. पहिला प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात रोज शंभर वेळा विचारला जातो. मनाबद्दल मात्र तो क्वचितच विचारला जातो.

त्यांनी लिहून ठेवलेला एक प्रसंग मानसोपचार शिकणाऱ्यांना आजही सांगितला जातो. लग्नाआधी दिवस गेलेली एक विद्यार्थिनी त्यांच्याकडे आली. मरणाशिवाय मार्गच नाही, अशी तिची खात्री झाली होती. श्नायडमन यांनी उपदेश केला नाही. कागद घेतला आणि काय काय करता येईल याची यादी करायला बसले. ती प्रत्येक पर्यायाला नाही म्हणत होती, ते तरी लिहीत गेले. मग तिलाच त्या पर्यायांना क्रम लावायला सांगितले. क्रम लावताना मरणाचा पर्याय आपोआप खाली गेला. तिची अडचण संपली नव्हती, पण बोगदा रुंद झाला होता.

1958 मध्ये श्नायडमन, फारबरो आणि मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिटमन यांनी लॉस एंजेलिसमध्ये आत्महत्या प्रतिबंध केंद्र सुरू केले. जागा मिळाली ती क्षयरोग रुग्णालयाच्या आवारातल्या वापरात नसलेल्या इमारतीत. सुरुवातीला संशोधन हाच हेतू होता. पण लोकांचे फोन येऊ लागले आणि ते रात्रीही येऊ लागले. इतके डॉक्टर आणायचे कुठून? म्हणून काही वर्षांतच सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन फोनवर बसवण्यात आले. वैद्यकीय पदवी नसलेला, पण नीट ऐकून घेणारा माणूस जीव वाचवू शकतो, हे त्या केंद्राने दाखवून दिले. लंडनमध्ये चॅड वराह या धर्मगुरूने 1953 पासून असेच काम सुरू केले होते. आपल्याकडे चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 1986 मध्ये स्नेहा ही संस्था काढली, तीही स्वयंसेवकांच्या बळावर.

मृत्यू अपघाती की आत्महत्या, हे कळत नसेल तेव्हा कोरोनर या केंद्राची मदत घेई. मग मृताचे नातेवाईक, मित्र, शेजारी यांच्याशी बोलून त्याच्या शेवटच्या दिवसांतली मनःस्थिती समजून घेतली जाई. शवविच्छेदन शरीराचे असते, हे मनाचे. ही पद्धत आज भारतातल्या संशोधनातही वापरली जाते. अशा अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार समोर आली: जाणाऱ्या अनेकांनी आधी काहीतरी सुचवलेले असते. कुणी निरवानिरव करतो, कुणी आवडती वस्तू देऊन टाकतो, कुणी आता माझा त्रास होणार नाही असे बोलून जातो. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ नंतर कळतो.

1966 मध्ये श्नायडमन अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत गेले. तोवर देशात अशी केंद्रे बोटांवर मोजण्याइतकी होती. पुढच्या काही वर्षांत ती शंभराच्या पुढे गेली. 1968 मध्ये त्यांनी या विषयाची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. नंतर ते लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या कुटुंबाची काळजी घेणे हाही प्रतिबंधाचाच भाग आहे, हा विचार त्यांनीच रुजवला. त्याची सुरुवात बहुधा त्या दोन सांत्वनपत्रांतच झाली असावी.

त्यांच्या सगळ्याच मतांशी डॉक्टर सहमत नाहीत. आजाराच्या निदानापेक्षा वेदनेकडे पाहा, यावर त्यांचा भर होता. पण नैराश्य, व्यसन, युद्धातल्या आघाताचे आजार यांवर औषधोपचार लागतात आणि ते गुणकारी ठरतात. वेदना ऐकणे आणि आजारावर उपचार करणे, दोन्ही हवे. 2007 मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांसाठी स्वतंत्र मदतवाहिनी सुरू झाली, तेव्हा श्नायडमन 89 वर्षांचे होते. 15 मे 2009 रोजी, एक्क्याण्णवावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाल्यावर, त्यांचे निधन झाले.

लॉस एंजेलिसमधले हे काम बालाघाटाच्या डोंगरावरच्या पाटोद्याला परके नाही. इथली शेती पावसाच्या भरवशावर, आणि अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात. अशा घरातला मुलगा सैन्यात जातो तो अख्ख्या घराचा आधार बनून. शिपाई म्हणून भरती झालेला जवान बऱ्याचदा चाळिशीच्या आतच निवृत्त होतो. गावात मिरवणूक निघते, औक्षण होते, फेटा बांधला जातो. मग महिनाभरात सगळे आपापल्या कामाला लागतात. वीस वर्षे ज्याचा दिवस शिट्टीवर सुरू झाला, त्याला उद्या सकाळी उठून काय करायचे हे कुणी सांगत नाही. सोबतचे जवान देशभर पांगलेले असतात. बोअरचे पाणी आटते, भावकीत जमिनीचा वाद निघतो, झोप येत नाही, बाटली जवळची वाटू लागते. आणि सैनिक म्हणजे वाघ, तो कशाला रडेल, अशी गावाची समजूत. तीच त्याचे तोंड बंद करते.

इथे गाव काय करू शकते? माजी सैनिकांनी महिन्यातून एकदा पारावर बसावे आणि जो दोनदा आला नाही त्याच्या घरी जावे. शंका आली तर आत्महत्येचा विचार येतो का, हे थेट पण मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये. कीटकनाशक, दारू, परवान्याचे शस्त्र त्याच्या हाताशी राहू देऊ नये. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात न्यावे. पुढे बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. पेन्शनची वा कागदपत्रांची अडचण असेल तर बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कुणीतरी सोबत जावे. प्रयत्न करून वाचलेल्याला गुन्हेगार समजू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 115 त्याला तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानते आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकते. आणि जिथे अनर्थ घडून गेला आहे, त्या घराकडे पाठ फिरवू नये.

सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. सशस्त्र दलांसाठी या सेवेचा खास कक्ष डिसेंबर 2023 पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवायला दहा मिनिटे लागतात.