कोलिन चॅपमन

शर्यतीची मोटार केवळ एंजिनाच्या बळावर जिंकते, असा पुष्कळांचा समज असतो. तो किती अपुरा आहे, हें कोलिन चॅपमन ह्या इंग्रज यंत्रविशारदाच्या चरित्रावरून कळतें. त्याचा जन्म १९२८ सालीं झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत शिकून त्यानें १९५२ सालीं 'लोटस' कंपनी स्थापिली. वळणावर चाकांस रस्त्याची घट्ट पकड लागते; पण त्यासाठीं वजन वाढविल्यास वेग घटतो. हा पेंच त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं वाऱ्याच्या साहाय्यानें सोडविला. १९७७ सालच्या 'लोटस ७८' गाडीच्या दोन्ही बाजूंचा तळ त्यांनीं उलट्या पंखासारखा घडविला. तळ व रस्ता ह्यांमधील चिंचोळ्या वाटेनें हवा वेगानें धांवे, तिचा दाब उतरे आणि वरच्या हवेचा दाब गाडीस जमिनीशीं दाबून धरी. बाजूंनीं हवा आंत शिरूं नये म्हणून रस्त्यास टेकणाऱ्या सरकत्या पट्ट्या बसविल्या. १९७८ सालीं, मुख्यतः सुधारलेल्या 'लोटस ७९' गाडीच्या बळावर, मारिओ आंद्रेत्ती जगज्जेता झाला.

परंतु पट्टी उचलली गेली कीं पकड एकाएकीं नाहींशी होई व चालकाच्या प्राणावर बेते. म्हणून १९८१ सालीं सरकत्या पट्ट्यांस व १९८३ सालीं तशा तळास फॉर्म्युला वन शर्यतींत मनाई झाली. चॅपमन १९८२ सालीं निवर्तला होता. विद्यार्थीमित्रांनो, नवी शक्ति शोधणें हें बुद्धीचें काम. तिला वेळींच मर्यादा घालणें हें विवेकाचें होय.