एन्रिको मात्तेई

इटलीच्या नकाशात पो नदीचे खोरे दाखवून मी वर्षानुवर्षे मुलांस भात, मका व रेशीम एवढेच सांगत आलो. त्या जमिनीच्या पोटात काय आहे, ते मला फार उशिरा, मात्तेई यांच्या चरित्रामुळे कळले.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १९०६ रोजी आक्वालान्या गावी एका पोलीस अंमलदाराच्या घरी झाला. शिक्षण बेताचेच. कातडी कमावण्याच्या कारखान्यात ते नोकरीस लागले, पुढे मिलानला स्वतःचा कारखाना काढला व महायुद्धात जर्मनांविरुद्ध लढले. १९४५ साली ‘आजिप’ ही सरकारी तेलकंपनी मोडीत काढण्याचे काम त्यांजकडे सोपविण्यात आले.

कंपनीतील जुन्या तज्ज्ञांनी मात्र त्यांस निराळीच हकीकत सांगितली. लोदी शहराजवळ कावियागा येथे १९४४ सालीच वायू लागला होता. पोचे खोरे हे एके काळी समुद्राचे आखात. आल्प्स व अपेनाइन पर्वतांवरील गाळाने ते, आपल्या गंगेच्या मैदानाप्रमाणेच, भरून आले. त्या गाळात उत्पन्न झालेला मिथेन वाळूच्या थरांत शिरला व वरच्या चिकणमातीने कोंडला गेला. पर्वतांच्या रेट्याने थरांना कमानीसारखा बाक आला. त्या कमानीच्या माथ्याशी वायू साठतो. वरून पाहावे तर जमीन तळहातासारखी सपाट! सुरुंग उडवून, त्याच्या लहरी खालून परतण्यास लागणारा वेळ मोजूनच या कमानी हुडकाव्या लागल्या.

मात्तेई यांनी कंपनी मोडली नाही. उलट खोदकाम वाढविले. १९४९ साली कोर्तेमाज्जोरे येथे वायूबरोबर थोडे तेलही लागले. मिलानकडील कारखान्यांपर्यंत नळ गेले. परवानगीवाचून, रातोरात रस्ते खणून नळ टाकल्याचे ते स्वतःच कौतुकाने सांगत. वृत्तपत्रे व राजकीय पक्ष यांस पैशाने वळविण्यातही त्यांस संकोच नव्हता. मजसारख्या शिक्षकास हे रुचणे कठीण. परंतु कोळशास मोताद झालेल्या देशास घरचे इंधन मिळाले, हेही नाकारता येत नाही. १९५३ साली ‘एनी’ ही राष्ट्रीय संस्था स्थापन होऊन मात्तेई तिचे अध्यक्ष झाले. १९५७ साली इराणशी केलेल्या करारात त्यांनी त्या देशास नफ्याचा एरव्हीच्या निम्म्याहून मोठा वाटा देऊ केला, तेव्हा बड्या तेलकंपन्या संतापल्या.

२७ ऑक्टोबर १९६२ रोजी ते सिसिलीतील गाल्यानो या गरीब गावी गेले. तेथेही वायू सापडला होता. आता पोटासाठी परदेशी जावे लागणार नाही, असे त्यांनी गावकऱ्यांस आश्वासन दिले. त्याच सायंकाळी मिलानकडे परतताना त्यांचे विमान पोच्या खोऱ्यातच, बास्कापे येथे कोसळले. वैमानिक व एक अमेरिकन पत्रकार यांच्यासह ते मृत्यू पावले. प्रथम अपघात मानलेल्या या घटनेची चौकशी १९९० नंतर पुन्हा झाली व विमानात स्फोटक ठेवले होते, असा निष्कर्ष निघाला. ते कोणी ठेवले, हे उघड झाले नाही.