पापास मेलेला शिपाई : संत कामिलस दे लेल्लिस

आपल्या मंदिराच्या ज्यूबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेत एखाद्या संताचे चरित्र असावे असे ठरले, तेव्हा आम्ही मुद्दाम असा पुरुष निवडला की, ज्याच्या आयुष्याचा पूर्वार्ध कोणत्याही आईने आपल्या मुलापुढे कित्ता म्हणून ठेवू नये. पापास मरून ख्रिस्ताठायी नवे जीवन जगावे, ही शिकवण संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात दिली आहे, आणि प्रत्येक बाप्तिस्म्याच्या वेळी पवित्र सभा तिचे आपणांस स्मरण देते. परंतु ती शिकवण हाडामांसाच्या माणसात कशी उतरते हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने संत कामिलस ह्यांच्याकडे पाहावे.

कामिलस ह्यांचा जन्म २५ मे १५५० रोजी नेपल्सच्या राज्यातील बुक्कियानिको गावी झाला. वडील लष्करी अंमलदार असल्यामुळे बहुधा घराबाहेरच असत. आईला उतारवयात झालेले हे मूल. ते लहान असतानाच ती माउली वारली. मुलगा शरीराने धिप्पाड व स्वभावाने तापट निघाला. बापाच्या मागोमाग तो शिपाईगिरीत शिरला आणि तरवारीबरोबर पत्ते व फासेही त्याच्या हाती आले. पुढे बापही गेला. पायास एक जखम झाली, ती मात्र जन्मभर सोबतीस राहिली. ह्याच सुमारास दोन फ्रान्सिस्कन संन्याशांची शांत मुद्रा पाहून त्याने त्यांच्या संघात जाण्याचे व्रत घेतले. पण ते व्रत तसेच राहिले.

१५७१ साली जखमेच्या उपचारासाठी तो रोममधील सान जाकोमो रुग्णालयात गेला. असाध्य रोगांनी पीडलेल्यांसाठी असलेल्या त्या रुग्णालयात त्यास सेवकाचे कामही मिळाले. परंतु जुगार व भांडणे ह्यांमुळे काही महिन्यांतच त्यास तेथून घालवून देण्यात आले. पुन्हा शिपाईगिरी सुरू झाली. १५७४ साली समुद्रात मोठ्या वादळात सापडला असता त्याने आपल्या जुन्या व्रताचा पुनरुच्चार केला. वादळ शमले, नेपल्सचा किनारा लागला, आणि त्या शहरात त्याने होते नव्हते ते सारे, अंगातील सदऱ्यासकट, जुगारात घालविले. भीतीपोटी आलेला पश्चात्ताप भीतीबरोबरच निघून गेला. आपणांपैकी कितीकांस आजारपणात केलेल्या नवसांचा असाच अनुभव असेल!

मानफ्रेदोनिया गावी चर्चच्या दाराशी भीक मागत असता कापुचिन संन्याशांच्या मठाच्या बांधकामावर त्यास मजुरी मिळाली. एकदा कामानिमित्त त्यास जवळच्या दुसऱ्या मठात धाडले असता तेथील मठाधिकारी फादर अँजेलो ह्यांनी त्यास एकीकडे बोलावून देवाविषयी व पापाविषयी कळकळीने बोध केला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २ फेब्रुवारी १५७५ रोजी, बाळ येशूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणी, परत येताना तो धिप्पाड शिपाई वाटेतच खाली उतरला, धोंड्यांवर गुडघे टेकून ढसढसा रडला आणि देवाची क्षमा मागू लागला. त्या वेळी त्याचे वय २४ वर्षांचे होते. जुना कामिलस त्या वाटेवर मेला.

चरित्र येथेच थांबते, तर ते केवळ एक गोड कथा ठरते. कापुचिन संघात कामिलस दाखल झाले. परंतु पायाची जखम चिघळल्यामुळे त्यांस बाहेर पडावे लागले. पुन्हा प्रवेश मिळाला, पुन्हा जखम उलटली, आणि संघाचे दार कायमचे बंद झाले. पाप सुटले होते, जखम सुटली नव्हती. त्या जखमेने त्यांस कोठे नेले? ज्या सान जाकोमोतून जुगारी म्हणून त्यांस घालवून दिले होते, त्याच रुग्णालयाच्या दारी! तेथे त्यांनी रोग्यांची अशी सेवा केली की, पुढे त्या रुग्णालयाचा कारभारच त्यांच्या हाती सोपविण्यात आला.

पगारी सेवक रोग्यांची हेळसांड कशी करितात हे त्यांस पुरते ठाऊक होते, कारण ते स्वतः तसेच सेवक होते. म्हणून १५८२ साली त्यांनी मनाशी ठरविले की, केवळ प्रभूच्या प्रीतीस्तव रोग्यांची सेवा करणाऱ्यांचा एक संघ उभारावा. त्यासाठी बत्तिशीच्या वयात ते लहान मुलांच्या पंक्तीस बसून लॅटिन शिकले आणि १५८४ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. १५८६ साली पोप पाचवे सिक्स्तस ह्यांनी संघास मान्यता दिली व झग्यावर तांबडा क्रूस लावण्याची परवानगी दिली. १५९१ साली त्यास धर्मसंघाचा दर्जा मिळाला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ह्यांच्या जोडीला हे संन्यासी चौथे व्रत घेतात : जिवावर बेतले तरी रोग्यांची, साथीच्या रोग्यांचीसुद्धा, सेवा करावी. १५९८ च्या नाताळात तिबर नदीला महापूर आला, तेव्हा सान्तो स्पिरितो रुग्णालयातील रोग्यांस सुरक्षित जागी हलविण्यासाठी कामिलस स्वतः राबले. पायावर उभे राहवेना, तेव्हा ते सरपटत एका खाटेवरून दुसऱ्या खाटेपाशी जात.

१४ जुलै १६१४ रोजी रोम येथे त्यांनी देह ठेवला. १७४६ साली त्यांस संतपद देण्यात आले आणि १८८६ साली पोप तेरावे लिओ ह्यांनी संत जॉन ऑफ गॉड ह्यांच्यासमवेत त्यांस रोग्यांचे व रुग्णालयांचे आश्रयदाते नेमिले.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, पापनिवेदन ऐकण्यात आमची बरीच वर्षे गेली. पुष्कळ जण आम्हांस विचारितात, क्षमा झाली असताही जुनी दुर्बलता का राहते? संत कामिलस ह्यांचे जीवन हेच ह्याचे उत्तर. पापास मरणे म्हणजे सगळ्या जखमा एका दिवसात भरून येणे, असे नव्हे. जेथे आपण पडलो त्याच घरी, त्याच आळीत, त्याच लोकांत परत जाऊन तेथे प्रेमाने राबणे, हे नवजीवन होय. तेव्हा ज्या दारातून आपण कधी काळी मान खाली घालून बाहेर पडलो, त्या दाराशी ह्या ज्यूबिलीच्या वर्षी आपण सेवक म्हणून परत जाऊ या. प्रभू आपल्या सर्वांस ती कृपा देवो. आमेन.